प्रकाश अडवला तरी उत्तर बरोबर

पाहुणे अकराला यायचे होते, ते दहालाच टपकले. मोठ्या माणसांना हल्ली वेळेआधी येण्याची हौस असते, समोरच्याची धांदल बघायला मिळते ना. आतल्या खोलीत आरसेवाली तेव्हा गुडघ्यांवर बसून यंत्राच्या झाकणावरचे बोटांचे ठसे पुसत होती. दारावर टकटक झाली, पाठोपाठ साहेबांचा गोड आवाज आला, आणि ती ओला कागद खिशात कोंबून उभी राहिली. त्या गडबडीत एक काम राहून गेलं. कुठलं, ते तिला दोन तासांनी कळलं.

आरसेवाली हे नाव कामावरच्यांनी ठेवलेलं. कंपनी छोटी, वीस-बावीस माणसांची, आणि यंत्र एकच. त्या यंत्रातले आरसे आणि लेन्स जागच्या जागी बसवायचे, केसाच्या जाडीएवढा फरक पडला तरी ओळखायचा आणि हलक्या हाताने सगळं पुन्हा सरळ करायचं, हे तिचं काम. पंधरा वर्षं ती हेच करत आली होती, आधी चष्म्यांच्या कारखान्यात, मग दुर्बिणींच्या, आणि आता इथे. शिक्षण बेताचं. पण हात असा, की भल्याभल्या पदव्यांवाले तिला बोलवायला यायचे आणि ती काम करत असताना मागे गुपचूप उभे राहायचे.

यंत्राचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. समजा, एखाद्या हॉस्पिटलकडे रुग्णांची माहिती आहे. तिच्यावरून काही गणित करून हवं आहे, पण ती माहिती कुणाच्या नजरेला पडू द्यायची नाही. मग ती आकड्यांच्या कुलपात बंद करायची आणि कुलपासकट पाठवायची. इकडे कुलूप न उघडताच तिच्यावर गणित करायचं. उत्तरही कुलपातच परत जातं आणि किल्ली फक्त हॉस्पिटलकडे असते. मधल्या माणसाला आत काय आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. अडचण एवढीच, की कुलूपबंद आकडे फुगून प्रचंड होतात आणि त्यांचे गुणाकार करताना साध्या संगणकाच्या नाकी नऊ येतात. म्हणून प्रकाश वापरायचा. ते आकडे नखाएवढ्या पडद्यावर उजेड-अंधाराच्या ठिपक्यांत मांडायचे आणि त्यातून लेसर सोडायचा. लेन्समधून पार होता होता प्रकाशच तो गुणाकार उरकतो, पापणी लवायच्या आत, आणि पलीकडचा कॅमेरा उत्तर टिपून घेतो. निदान कंपनीच्या दारावरच्या पाटीचं तरी तसं म्हणणं होतं.

पाहुण्यांमध्ये मुख्य होत्या त्या हॉस्पिटलच्या बाळंतपण विभागाच्या प्रमुख. त्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत. बाळंतपणानंतर काही बायकांचं मन आजारी पडतं, इतकं की दवाखान्यात ठेवावं लागतं. अशा दोनशे बायकांची माहिती त्यांनी कुलूपबंद करून पाठवली होती. कुणाला आधीच मदत द्यायला हवी होती, ते सुरुवातीच्या खुणांवरून ओळखता येतं का, एवढंच त्यांना हवं होतं. या कामाला नाव ठेवायला जागाच नव्हती. आरसेवालीनेही ठेवलं नव्हतं. ती तर यात गळ्यापर्यंत गुंतली होती, पण ते पुढे येईलच.

कंपनीच्या साहेबांना माघारी सगळे ‘मधाचं बोट’ म्हणत. माणूस कुणावर ओरडायचा नाही, कुणाला नाही म्हणायचा नाही, फक्त बोट चाटवत ठेवायचा. त्यांनी पाहुण्यांना पांढऱ्या टोप्या दिल्या, यंत्राभोवती फिरवलं, मग मोठ्या पडद्यासमोर बसवलं. लेसर सुरू झाला. पडद्यावर प्रकाशाचे नक्षीदार ठिपके नाचू लागले. चार मिनिटांत उत्तरं तयार झाली, मोठ्या मॅडमनी स्वतःच्या लॅपटॉपवर स्वतःच्या किल्लीने ती उघडली, आपल्याकडच्या नोंदींशी ताडून पाहिली, आणि दोनशेच्या दोनशे बरोबर निघाली. साहेब आरसेवालीकडे वळून म्हणाले, ही सगळी या हातांची किमया. ती लाजली. अशा वेळी माणूस लाजतो, त्यात तिची काही चूक नाही.

पाहुणे चहाला गेल्यावर तिने यंत्राचं झाकण उचललं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. काळी पट्टी आत होती.

ही काळी पट्टी म्हणजे तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा पत्रा. रोज काम संपलं की ती तो लेसरच्या तोंडासमोर सरकवून ठेवायची, म्हणजे चुकून कुणी लेसर चालू केला तरी डोळ्याला इजा नको. सकाळी काढून दाराशेजारच्या खिळ्याला अडकवायची. हा नियम तिचा स्वतःचा, पंधरा वर्षांत एकदाही न चुकलेला. आज पाहुण्यांच्या आगाऊपणामुळे खिळा रिकामा राहिला होता आणि पट्टी आत.

पहिली आली ती भीती. आता नोकरी जाणार, सगळं खापर आपल्यावर फुटणार, असं तिच्या मनात येऊन गेलं. मग तिने पट्टीला हात लावला. पट्टी गरम होती. म्हणजे सगळा वेळ लेसर पट्टीवरच आदळत होता. पलीकडे उजेडाचा कणही गेलेला नव्हता आणि कॅमेऱ्यासमोर ठार काळोख होता. मग ते नाचणारे ठिपके कुठले? आणि दोनशे उत्तरं कुणी काढली?

तिने दार लावून घेतलं आणि चाचणीचं गणित स्वतः चालवून पाहिलं. पट्टी आत असताना उत्तर बरोबर आलं. पट्टी काढली, तरी बरोबर. मग तिने मधली लेन्स हाताने तिरकी केली. असं करताना तिला कसंसंच झालं, कारण ती लेन्स बसवायला तिला अकरा दिवस लागले होते. तरीही उत्तर बरोबरच आलं.

कंपनीत गणिताची बाजू सांभाळणारा एक जण होता, त्याला सगळे गणिती म्हणत. लांब मानेचा, बिनसाखरेचा चहा पिणारा, टेबलावर आपल्या मुलांची चित्रं चिकटवणारा सज्जन माणूस. तिने त्याला आत बोलावलं आणि पट्टी दाखवली. त्याने आधी पट्टीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं फार वेळ निभत नाही. त्याने सगळं ओकून टाकलं.

झालं होतं असं. कुलूपबंद आकड्यांवर काम करताना दर पायरीला त्यांत थोडी खरखर, म्हणजे बारीकशी चूक, मिसळते. ती एका हद्दीत राहिली तर ठीक, हद्द ओलांडली की कुलूप उघडल्यावर आत नुसता कचरा सापडतो. प्रकाशाची स्वतःची खरखर वेगळीच. दोन्ही मिळून हद्द ओलांडत होत्या आणि उत्तरं चुकत होती. नेमकी कुठे चुकतात ते शोधायला साहेबांनी मोठ्या मॅडमकडून किल्लीची एक प्रत मागून घेतली, आठ दिवसांच्या बोलीवर. त्याला आता तीन महिने झाले होते. यंत्र काही सुधारलं नाही, पण किल्ली हाताशी होती. मग शेजारच्या खोलीतल्या साध्या सर्व्हरवर कुलूप उघडायचं, साध्या आकड्यांवर साधं गणित करायचं आणि उत्तर पुन्हा कुलपात घालून द्यायचं. लेसर चालू ठेवायचा तो पाहुण्यांसाठी. पडद्यावरचे ठिपकेही जुनेच होते, चित्रीकरण करून ठेवलेले.

“म्हणजे त्या बायकांचं सगळं उघडं असतं?” तिने विचारलं.

“तासभर. मग आम्ही पुन्हा बंद करतो.”

“आणि तू वाचतोस?”

“मुद्दाम नाही. चुका शोधताना डोळ्यांसमोरून जातं.” मग त्याला वाटलं असावं, की आपण दगड नाही हेही हिला कळायला हवं. तो आवाज खाली आणून म्हणाला, “एक आहे त्यात, शाळेत शिकवणारी. बाळ रडायला लागलं की पलीकडच्या खोलीत जाऊन कानात कापूस घालून बसायची. सहा आठवडे दवाखान्यात होती. वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.”

आरसेवाली उभी होती ती तिथल्या स्टुलावर बसली. तो कापूस तिने स्वतःच्या हाताने काढला होता. ती शिक्षिका म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण. कापसाचं ठाऊक होतं ते ताईला, भावजींना, तिला आणि ज्या डॉक्टरने लिहून घेतलं त्याला. ताईच्या सासूला नाही, शाळेत नाही, नऊ वर्षांच्या भाचीला तर नाहीच. नऊ वर्षं चार माणसांनी जे ओठांबाहेर जाऊ दिलं नाही, ते हा माणूस चहाचा कप हातात धरून सांगत होता, आणि वर आपलं जेवण गेलं नाही याचंही सांगत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या जेवणाशी तिला काय देणंघेणं? त्याची दया खरी होती, हेच तिला सगळ्यात असह्य झालं. चोरीच्या वस्तूवर कुणी डोळे ओले केले म्हणून ती वस्तू काही त्याची होत नाही.

आणि हे सगळं मिळवून दिलं होतं तिनेच. हॉस्पिटलच्या नियमाप्रमाणे प्रत्येक बाईची लेखी संमती लागायची. साहेबांनी टाय लावलेला माणूस पाठवला नाही, तेवढी अक्कल त्यांना होती. त्यांनी हिला पाठवलं. दर मंगळवारी दवाखान्याच्या लांबलचक बाकावर या बायका तपासणीसाठी येऊन बसायच्या, आणि ही त्यांच्या शेजारी बसून समजावून सांगायची. एक बंद पेटी आहे असं समजा, म्हणायची. बाहेरून हातमोजे शिवलेली. आत हात घालून काम करता येतं, पण आतलं दिसत नाही, बाहेर काढता येत नाही. आम्हालासुद्धा नाही. बायका तिच्या हातांवरचे कामाने पडलेले चट्टे बघायच्या आणि सही करायच्या. ताई सगळ्यात शेवटी तयार झाली. महिनाभर नाही नाही म्हणाली. मग एक दिवस म्हणाली, तू सांगतेस ना कुणी वाचणार नाही, मग दे कागद.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांसमोर उभी राहिली. साहेबांनी तिला बसवलं, स्वतःच्या हाताने पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग समजावलं, की प्रत्येक नव्या यंत्राला हा काळ काढावाच लागतो. सहा महिन्यांत प्रकाश खरोखर हे काम करू लागेल, तोवर वेळ निभावून न्यायची. कुणाचं काही बिघडलेलं नाही. उलट लेसर चालू असताना पट्टी आत विसरणं हा केवढा मोठा हलगर्जीपणा, पण आपण त्याची कुठे नोंद करणार नाही, आपण तसले नाही. आणि हो, नव्या विभागाला प्रमुख लागणार आहे, त्यांच्या मनात तिचंच नाव आहे. एका दमात धाकही दाखवून झाला आणि बोटही चाटवून झालं.

“मी त्या बायकांना शब्द दिलाय,” ती म्हणाली. “कुणी वाचणार नाही म्हणून.”

“उत्तर बरोबर येतंय ना?” साहेब म्हणाले. “मग ते प्रकाशाने काढलं की आणखी कशाने, त्यांना काय फरक पडतो?”

त्यांना खरंच वाटत होतं, की हा प्रश्न बिनतोड आहे. एखाद्याच्या घरात शिरायचं, कपाटं उघडायची, पत्रं वाचायची, आणि मालकाने विचारलं तर म्हणायचं, केर तर नीट काढला ना? असल्या माणसांशी वाद घालता येत नाही, कारण चूक त्यांना दिसतच नाही. ती गप्प राहिली. साहेबांना वाटलं, पटलं. त्यांनी जाता जाता सांगून टाकलं, की सोमवारी हॉस्पिटलशी मोठ्या करारावर सह्या आहेत. आता दोनशे नाही, सगळ्या विभागांचे मिळून चाळीस हजार रुग्ण.

रविवारी दुपारी ती ताईकडे गेली. ताई शाळेच्या कपड्यांना इस्त्री करत होती. भाची खाली अंगणात सायकल शिकत होती, तिची घंटा मधून मधून वर ऐकू येत होती. घरात आरसेवालीला कुणी आरसेवाली म्हणत नसे. तिथे ती चाळिशीला टेकली तरी छकुलीच होती. तिने खिडकी लावून घेतली आणि सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, पट्टीपासून कापसापर्यंत सगळं.

ताईने इस्त्री उभी करून ठेवली आणि बटण बंद केलं. रडली नाही. तिने विचारलं, किती जणांनी वाचलं. एकाने नक्की, आरसेवाली म्हणाली, आणखी दोघं-तिघं असतील, साहेबही असतील. ताईने सदऱ्याची बाही सरळ केली, पुन्हा सरळ केली.

“शब्द तू दिला होतास, छकुले.”

“हो.”

“कंपनीने नव्हता दिला. कंपनीला मी ओळखत नाही. मी सही केली ती तुझ्या तोंडाकडे बघून.”

मलाही फसवलं, हे वाक्य आरसेवालीच्या ओठांवर आलं होतं, पण फसवले गेल्याचं सांगून आपण हात वर करतोय असं तिला वाटलं. ती म्हणाली, की गणितीला धरून ती ताईची माहिती तरी उद्याच पुसायला लावील.

“माझी पुसशील. कारण मी तुझी बहीण,” ताई म्हणाली. “बाकीच्यांच्या बहिणी आहेत का तिथे कामाला?”

एवढं बोलून तिने इस्त्री पुन्हा चालू केली. चहा विचारला नाही. आरसेवाली जिना उतरत होती, तेव्हा भाचीने सायकल थांबवून विचारलं, मावशी, लगेच चाललीस? तिने मान हलवली आणि चालत राहिली.

सोमवारी मोठ्या मॅडम त्यांच्या दोन माणसांना घेऊन आल्या. सह्यांचे कागद बाहेरच्या टेबलावर मांडलेले होते. साहेबांनी शेवटचं एक प्रात्यक्षिक ठेवलं होतं, शोभेला म्हणून. लेसर सुरू व्हायच्या आधी आरसेवाली पुढे झाली. तिने मोठ्या मॅडमना डोळ्यांना लावायचा हिरवा चष्मा दिला, यंत्राचं झाकण उचललं आणि काळी पट्टी त्यांच्या हातात ठेवली.

“मॅडम, ही लेसरसमोर सरकवा. तुमच्याच हाताने.”

साहेब हसले. आमच्या या बाईंना मस्करीची सवय आहे, म्हणाले, आणि झाकणाला हात घातला. आरसेवालीने झाकण सोडलं नाही. तिने सरळ सांगितलं, की ही पट्टी आत असली की यंत्र आंधळं, त्याला एकही आकडा दिसायला नको. आता गणित चालवून बघा. मोठ्या मॅडमनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा पट्टीकडे, आणि पट्टी सरकवली. कळफलकापाशी गणिती बसला होता. त्याने साहेबांकडे पाहिलं, मग आरसेवालीकडे. आणि त्याने बटण दाबलं. तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

पडद्यावर ठिपके नाचू लागले. चार मिनिटांनी उत्तरं आली. मोठ्या मॅडमनी लॅपटॉप उघडला. दोनशेच्या दोनशे बरोबर.

“मग गणित झालं कुठे?” त्यांनी विचारलं.

“शेजारच्या खोलीत. कुलूप उघडून. तुमच्याच किल्लीने.”

आता धरणीकंप होईल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मोठ्या मॅडमचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. ती किल्ली आठ दिवसांसाठी होती, एवढंच त्या म्हणाल्या. पुढे बोलल्या नाहीत, कारण आठ दिवसांनी ती परत मागायची त्यांना आठवण राहिली नव्हती, आणि ती दिल्याच्या कागदावर सही त्यांचीच होती. साहेबांनी अदबीने दार उघडलं आणि दोघं आतल्या खोलीत गेले. चाळीस मिनिटं दार बंद होतं. बाहेर आले ते एकमत होऊनच. सह्या पुढे ढकलल्या, रद्द नाही केल्या. चौकशी होईल, ती आतल्या आत. आणि या प्रकाराची बाहेर वाच्यता होता कामा नये.

“त्या बायका आधीच नाजूक मनाच्या आहेत,” मोठ्या मॅडम तिला म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. “त्यांना हे कळलं तर हाय खातील. त्यांच्या भल्यासाठीच सांगते.”

वाचताना त्या बायका नाजूक नव्हत्या. किल्ली देताना नव्हत्या, तीन महिने ती परत न मागताना नव्हत्या. नाजूक झाल्या त्या आज, सगळं उघडं पडल्यावर. आरसेवालीने विचारलं, त्यांचं भलं कशात आहे ते त्यांना विचारलंत का? साहेबांनी तिच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं. पंधरा वर्षांची हत्यारं तिने कापडात गुंडाळली आणि पिशवीत भरली. काळी पट्टीही तिचीच होती, पण ती पुरावा म्हणून ठेवून घेण्यात आली. कुणाविरुद्धचा पुरावा, ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. ती दवाखान्यात जायला निघाली. त्या बायकांची नावं तिच्याकडे नव्हती, पण चेहरे होते, आणि मंगळवारी त्या कुठे बसतात ते ठाऊक होतं. वाटेत तिने वाक्यं जुळवली. मी तुम्हाला खोटं सांगितलं, इथून सुरुवात करायची. मग बंद पेटीचं. शिव्या पडतील, पडू देत. एखादी अंगावर धावून आली तरी आली.

बाकापाशी पोचली तर तिथे आधीच घोळका जमला होता. मधोमध ताई उभी होती, शाळेतून रजा काढून आलेली, वर्गात उभी राहते तशी ताठ. तिचं बोलून झालं होतं. कापसाचं, सहा आठवड्यांचं, सगळं. नुसतं तुमची माहिती वाचली म्हटलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता, म्हणून तिने काय वाचलं तेच सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आपलं नाव घेऊन. दोघी-तिघी पदराने डोळे पुसत होत्या. एक तरणी पोर बाळाला काखेत घेऊन तरातरा खिडकीकडे गेली आणि आपला संमतीचा कागद परत मागू लागली. तिच्या मागे दुसरी गेली, मग पाच-सहा जणी. खिडकीतली कारकून बाई गांगरून फोन लावायला लागली. बघता बघता रांग झाली आणि दारापर्यंत गेली.

ताईही रांगेत उभी राहिली. आरसेवाली तिच्या मागे जाऊन उभी राहिली. पुढची एक वयस्कर बाई वळून ताईला म्हणाली, “किती धीट आहात हो तुम्ही. आम्हाला नसतं जमलं.”

“धीट नाही मी,” ताई म्हणाली. “मला कुणी दुसरी वाट ठेवली नाही. इथे बोलायचं म्हणजे गावभर होणार. म्हणून काल संध्याकाळी लेकीला आधी सांगावं लागलं. तिला अठरावं लागलं की सांगणार होते. कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची, हळूहळू जुळवत होते मनाशी. अजून नऊ वर्षं होती माझ्या हातात.”

त्या बाईने विचारलं, पोर काय म्हणाली.

“म्हणाली, मग मी तुला नको होते का?”

आरसेवालीने ताईच्या हाताकडे आपला हात नेला. ताईने तो झिडकारला नाही आणि धरलाही नाही. रांग एक पाऊल पुढे सरकली, तशी तीही सरकली.